डिसेंबर आला की पावाचा दगड होतो, तेव्हा काय काय तपासायचं

आधी लक्षणं सांगतो, तुमचं यातलं कुठलं ते बघा, कारण थंडीत पाव बिघडला की सगळे सरसकट "यीस्ट खराब होतं" म्हणून मोकळे होतात आणि दहातल्या सात वेळा यीस्ट बिचारं ठणठणीत असतं.

पहिलं लक्षण, सगळ्यात कॉमन. मळलेला गोळा दोन तास झाले तरी डब्याच्या तळाशी गप्प बसलाय, हात लावला तर गार लागतो, आणि आपण दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघतोय.

दुसरं, थोडा फुगला म्हणून भाजायला टाकला, तर पाव एका बाजूने टराटरा फाटला, आत जड, तळाशी बोटभर ओलसर पट्टा, सुरी बाहेर काढली की सुरीला लगदा.

तिसरं, छान वर आलेला, आपण खूष, ओव्हनमध्ये सरकवताना जरा धक्का लागला आणि फुस्स. पाव चपटा आणि दारूसारखा आंबूस वास.

चौथं फक्त तिखट-मिठाच्या पावात दिसतं. कांदा, लसूण, मेथी, मिरची घातल्यावर पीठ मळता मळता सैल होत जातं, मैदा टाकत राहा तरी हाताला चिकटतंच.

आणि पाचवं म्हणजे वरून काळा आतून कच्चा, किंवा पाऊण तास झाला तरी पांढराफटक.

पहिली दोन शुद्ध थंडीची. तिसरं थंडीला घाबरून आपण जास्त यीस्ट ओतलं त्याचं. चौथं मसाल्याचं, पाचवं ओव्हनचं. सगळी लक्षणं एकत्र असतील तर खालच्या क्रमानेच जा, मी फुकटातल्या गोष्टी आधी आणि खर्चाच्या शेवटी ठेवल्यात.

मी काही बेकर नाही हं. ठाण्यात घोडबंदर रोडला येऊरच्या अंगाला राहतो, किचन उत्तरेकडे, खिडकीतून डोंगरावरचा वारा थेट ओट्यावर. रविवारी पाव करतो, तो पण एकच प्रकार, लसणाची पात, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि जिरं घातलेला. लसणाची पात मंडईत थंडीतच चांगली मिळते म्हणून हा पाव थंडीतच करायचा असतो आणि थंडीतच तो बिघडतो, अशी सगळी गंमत आहे. पहिली तीन वर्षं माझाच बिघडत होता. आता सोसायटीतल्या दोन काकू, ऑफिसमधला एक जण आणि खारघरची वहिनी असे सगळे मला फोटो पाठवतात. वहिनींचा तर ठरलेला फोन, "अहो भावोजी, परत वीट झाली बघा."

आता हसाल तुम्ही की ठाण्यात कसली आलीये थंडी. पहाटे १६-१७ डिग्री झाले की आपण कानटोप्या काढतो, नाशिकवाले हसतात आपल्याला. पण यीस्टला नाशिकशी तुलना करायची नसते, त्याला मे महिन्याशी करायची असते. त्याच किचनमध्ये मे महिन्यात दुपारी ३३ असतात आणि जानेवारीत सकाळी २०-२१. पावाच्या पिठाला २४ ते २७ डिग्री आवडतं, आणि ढोबळ हिशोब असा की तापमान आठ-दहा डिग्रीने उतरलं की यीस्टचा वेग निम्म्यावर येतो. म्हणजे मे महिन्यात ५० मिनिटांत दुप्पट होणारा गोळा जानेवारीत दोन-सव्वादोन तास घेणारच, त्यात बिघाड काही नाही. थंड प्रदेशातल्या लोकांच्या घरात हीटर असतात, त्यांच्या रेसिपीतली "रूम टेंपरेचर" म्हणजे वर्षभर तीच रूम असते. आपली रूम ऋतूप्रमाणे बदलते.

माझी चूक तर याहून भारी होती. माझ्या वहीत रेसिपी होती, माझ्याच अक्षरात, "५०० ग्रॅम मैदा, ३१० मिली थंड पाणी". थंड! तीन वर्षं मी दर डिसेंबरला ती वही उघडून फ्रिजमधली बाटली काढून इमानदारीत थंड पाणी घालत होतो. चौथ्या वर्षी तेलाच्या डागाखाली तारीख दिसली, ती रेसिपी मी मे महिन्यात उतरवलेली. मे मध्ये थंड पाणीच लागतं, स्टेशनजवळच्या बेकरीत एकदा बघितलं होतं मी, पीठ मळायच्या मशीनमध्ये चक्क बर्फाचा चुरा टाकत होते. तर तुमच्या वहीतली पावाची रेसिपी कुठल्या महिन्यातली आहे ते आधी बघा. यूट्यूबवरची असेल तर व्हिडिओतल्या बाईंनी काय घातलंय ते बघा, स्वेटर की बिनबाह्यांचा कुर्ता.

फुकटातलं पहिलं: थांबा, आणि उशिरा सुरू करा

घड्याळ बघणं बंद करा. गोळा उभ्या भिंतीच्या पारदर्शक डब्यात ठेवा, पातेल्यात किंवा कुंड्यात नको, कारण पसरट भांड्यात दुप्पट म्हणजे किती ते डोळ्याला कळतच नाही. गोळा जिथपर्यंत आलाय तिथे डब्याला रबर लावा, मेथीच्या जुडीला येतो तोच रबर चालतो. त्याच्या दुप्पट उंचीवर गेला की झाला, मग दीड तास लागो की तीन. मी रबर लावायला लागलो तेव्हापासून माझा निम्मा प्रॉब्लेम मिटला, खरंच सांगतो, कारण आधी मी "रेसिपीत एक तास लिहिलाय" म्हणून एका तासाने पुढे जायचो आणि दुसरं लक्षण गळ्यात पडायचं. फाटलेला, जड, तळाला ओला पाव म्हणजे अर्धवट फुगलेला पाव.

दुसरी फुकट गोष्ट, आपली थंडी सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतच असते. दुपारी ठाण्यात परत २९-३० होतात. मग सकाळी साडेसहाला उठून मळण्याचा अट्टाहास कशाला, अकराला मळा, संध्याकाळच्या चहाला पाव. वहिनींना हे एवढंच सांगितलं तर पुढच्या रविवारी पाव झाला. त्यांना सकाळच्या नाश्त्यालाच हवा होता तो भाग वेगळा.

नाश्त्यालाच हवा असेल तर थंडीशी भांडू नका, तिला कामाला लावा. ५०० ग्रॅम मैद्याला फक्त पाव टीस्पून इन्स्टंट यीस्ट घालून रात्री दहाला मळा आणि झाकून ओट्यावर ठेवून द्या. २० डिग्रीला आठ-नऊ तासांत आरामात दुप्पट होतो, आणि चव तर विचारू नका, हळू फुगलेल्या पिठाला जी चव येते ती दीड तासवाल्याला नाही. हा प्रकार मे मध्ये करू नका, सकाळी डब्याचं झाकण फ्रिजखाली सापडेल.

पाण्याचं तापमान

हाही जवळपास फुकटच, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. यीस्टला किचनच्या हवेपेक्षा पिठाच्या आतलं तापमान जास्त लागू होतं, आणि मैद्याचं तापमान आपल्या हातात नाही, हवेचं नाही, पाण्याचं आहे. बेकरीवाले हिशोब करतात तोच आपण करायचा. पीठ २६ डिग्रीला हवंय, तर २६ गुणिले ३ म्हणजे ७८. त्यातून किचनचं तापमान, मैद्याचं तापमान आणि मळताना येणारी ऊब वजा करायची, हाताने मळलं तर ऊब दोनेक डिग्री धरा. जानेवारीत ७८ वजा २० वजा २० वजा २, उत्तर ३६. पाणी ३६ डिग्रीचं हवं. मे मध्ये तेच ७८ वजा ३३ वजा ३३ वजा २, उत्तर १०. बघा, एकच रेसिपी, एकीकडे कोमट पाणी आणि दुसरीकडे फ्रिजचं. माझ्या वहीचं गौडबंगाल एवढंच होतं.

थर्मामीटर नसेल तर एक भाग उकळतं पाणी आणि चार भाग नळाचं पाणी मिसळा, साधारण ३६ होतं. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा, बाळाच्या दुधाचं बघतात तसं, गरम पण नाही आणि गार पण नाही असं लागलं पाहिजे. "जास्त गरम टाकलं तर लवकर फुगेल" हा विचार करू नका, ५५-६० डिग्रीला यीस्ट मरतं, आणि मेलेलं यीस्ट आणि गारठलेलं यीस्ट बाहेरून अगदी सारखं दिसतं, म्हणून लोक फसतात. गारठलेलं उठवता येतं, मेलेलं नाही.

ग्रॅनाइटचा ओटा हा छुपा शत्रू आहे. कोमट पाण्याने मळायला घेतलं आणि गार ओट्यावर दहा मिनिटं आपटलं तर सगळी ऊब ओटा पिऊन टाकतो. परातीत मळा, परातीखाली जाड टॉवेल घाला. फुगायला ठेवलेला डबा पण थेट ओट्यावर नको, खाली घडी केलेलं फडकं किंवा चुंबळ. मी एकदा सारख्या वजनाचे दोन गोळे ठेवून बघितले, एक ओट्यावर आणि एक लाकडी पोळपाटावर, दोन्ही एकाच पिठातले. दोन तासांनी पोळपाटावरचा रबरापर्यंत आला होता आणि ओट्यावरचा अजून दोन बोटं खाली, त्याचा वरचा भाग फुगलेला आणि तळ दगडासारखा. उलटा केला तर तळाला हाताला गार, गुळगुळीत चकती लागत होती. पावाच्या तळाचा ओला पट्टा कुठून येतो ते त्या दिवशी कळलं.

उबदार जागा

इडलीचं पीठ थंडीत कुठे ठेवता? तिथेच हे ठेवा. बंद मायक्रोवेव्हमध्ये एक पेला उकळतं पाणी आणि शेजारी डबा, मायक्रोवेव्ह चालू नाही करायचा, फक्त कपाट म्हणून वापरायचा. पाणी दर पाऊण तासाने बदलायचं. किंवा ओटीजीत, म्हणजे घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, दिवा असेल तर नुसता दिवा लावून ठेवा, बाकी सगळं बंद. आमच्या वरच्या काकू मोठ्या कुकरमध्ये कोमट पाणी घालून त्यात डबा ठेवतात, शिट्टी काढून, तेही झकास चालतं.

काय करायचं नाही ते ऐका, कारण हे मी केलंय. माझ्या ओटीजीचा खालचा आकडा १००. मी म्हटलं पाच मिनिटं लावतो, जरा ऊब येईल, मग बंद करतो. आणि नेमका फोन आला. परत आलो तेव्हा गोळ्याच्या कडेला चक्क साल आलेली, उकडीच्या मोदकाच्या पारीसारखी, बोटाने सोलून निघत होती, आणि मधे पीठ तसंच कच्चं. ओटीजी लावला की रॉड लालभडकच होतो, आकडा कितीही कमी असो, हवा आकड्यापर्यंत पोचली की मग बंद होतो. बारीक आच हा प्रकार त्याच्याकडे नाही. पीठ आत असताना ओटीजी पेटवायचा नाही, संपला विषय. उन्हात पण नको, वर कातडं धरतं.

यीस्ट जिवंत आहे का

इथपर्यंत सगळं करून गोळा हलला नाही तरच यीस्टवर संशय घ्या. पाव वाटी ४० डिग्रीचं पाणी, यासाठी एकास तीन मिसळा, त्यात चमचाभर साखर आणि चमचाभर यीस्ट, दहा मिनिटं झाकून. वर ताकाच्या फेसासारखा जाड थर आला तर जिवंत. नुसते चार बुडबुडे आणि गढूळ पाणी असेल तर टाकून द्या, "थोडं जास्त घालून बघते" करू नका, मैदा, तेल आणि रविवार तिन्ही जातं.

आपल्याकडे यीस्ट थंडीत मरत नाही, पावसाळ्यात मरतं आणि थंडीत आपल्याला ते कळतं. गणपतीच्या आसपास पाकीट फोडलं, कडेला रबर लावून फ्रिजच्या दारात उभं केलं, पावसाळ्याच्या दमट हवेत पंचवीस वेळा उघडलं. फोडलं की लगेच कोरड्या काचेच्या बरणीत, घट्ट झाकण, आणि फ्रीझरमध्ये. तिथे महिनोन् महिने टिकतं. सुटं यीस्ट झिपच्या पिशवीत मिळतं ते मी घेत नाही, तारीखच नसते त्यावर. एकदा बाजारातल्या एका केक मटेरियलच्या दुकानातून तसं आणलं होतं, फेस तर सोडा, पाणी नुसतं पिवळं झालं.

ताजं यीस्ट, इन्स्टंट आणि साधं सुकं यात गोंधळ करू नका. रेसिपीत ताजं १५ ग्रॅम असेल तर इन्स्टंट ५ ग्रॅम पुरतं, आणि दाणेदार साधं सुकं ६ ग्रॅम, ते मात्र कोमट पाण्यात आधी भिजवायला लागतं, इन्स्टंट थेट मैद्यात चालतं. आणि थंडी म्हणून यीस्ट दुप्पट करू नका प्लीज. सव्वापट ठीक आहे. दुप्पट केलं की दुपारी हवा तापल्यावर तेच पीठ उधळतं, मग तिसरं लक्षण, फुस्स आणि दारूचा वास.

मीठ, लसूण आणि इतर मंडळी

गोड पाववाल्यांना हा त्रास नाही, आपल्याला आहे.

मीठ मैद्याच्या दोन टक्के, म्हणजे ५०० ग्रॅमला १० ग्रॅम. बारीक मिठाचा सपाट टीस्पून ६ ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे पावणेदोन टीस्पून. गंमत कुठे होते, आपण मीठ घालतो १० ग्रॅम आणि वर चीज, चाट मसाला, कधी लोणच्याचा खार, त्यातलं मीठ मोजतच नाही. मीठ वाढलं की यीस्ट मंदावतं, आणि थंडीत ते आधीच मंद आहे. असलं काही घालणार असाल तर मीठ ७-८ ग्रॅमवर आणा. मोजायला काटा घ्या, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, तीन-चारशे रुपयांत येतो आणि तो घेतल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही, वाटीने मोजलेल्या मैद्यात दर वेळी २० ग्रॅमचा फरक पडतो.

लसूण कच्चा वाटून पिठात घालायचा नाही. त्यातली गंधकाची द्रव्यं, ज्यांच्यामुळे तो वास येतो ना, ती यीस्टला दाबतात आणि ग्लुटेनची, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाची, तार पण सैल करतात. म्हणजे फुगत पण नाही आणि चिकटत पण राहतं, पहिलं आणि चौथं लक्षण एकत्र. चमचाभर तेलात मंद परतून, पूर्ण गार करून घाला. लसणाची पात सौम्य असते तरी मी ती पण अर्धा मिनिट परततो. आमच्या आईला हे पटत नाही, तिचं म्हणणं परतल्यावर हिरवा वास जातो. बरोबर आहे तिचं, म्हणून मी चार काड्या कच्च्या चिरून भाजायच्या आधी वरून तेलात बुडवून पसरतो, पिठात नाही.

कांद्याला मीठ लागलं की पाणी सुटतं हे कोशिंबीर करणाऱ्याला काय सांगायचं, पण पावात टाकताना विसरतो आपण. चिरा, चिमूटभर मीठ लावा, दहा मिनिटांनी घट्ट पिळा. मेथी-कोथिंबीर धुतली की फडक्यावर तासभर पसरा. आणि हे सगळं पहिल्यांदा पीठ फुगल्यानंतर मिसळा, मळताना नको. पाणी सुटायला वेळच मिळत नाही मग.

मैदा आणि मळणं

पाकिटावर प्रथिनं किती लिहिलीत ते बघा, १०० ग्रॅमला ११ किंवा जास्त असतील तर उत्तम, ९ च्या खाली असेल तर नानखटाईला ठेवा. चक्कीची कणीक घालणार असाल तर निम्म्यापेक्षा जास्त नको, तिला पाणी जास्त लागतं आणि कोंडा तार कापतो, खपलीचा तर नादच नको, तिची तार मुळातच नाजूक. दहा-बारा मिनिटं मळा. लिंबाएवढा गोळा दोन हातांनी हळूहळू ताणा, फाटण्याआधी पडद्यासारखा पातळ होऊन पलीकडचं बोट दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर पाच मिनिटं झाकून ठेवा, मग परत मळा. हाताला चिकटतंय म्हणून मैदा ओतू नका, हाताला तेल लावा. यावर जास्त लिहीत नाही, पोळ्या करणाऱ्याला कणकेचा हात असतोच.

दुसरं फुगणं

टिनमध्ये घातल्यावर परत तेच, घड्याळ नाही. बोटाला मैदा लावून अर्धा इंच दाबा. खड्डा टुणकन भरला तर अजून थांबा. हळूहळू भरून थोडी खूण राहिली तर लगेच ओव्हन. खड्डा तसाच राहिला, हललाच नाही, तर जास्त झालंय, तेव्हा टिनमधून काढून परत हलक्या हाताने गोळा करून पुन्हा फुगवा, एकदा चालतं.

ओव्हन गरम करायला कधी लावायचा हा थंडीतला घोळ असतो. वीस मिनिटं आधी. पाव तयार झाल्यावर लावला तर ती वीस मिनिटं तो जास्त फुगतो.

ओव्हन

आता खर्चाचा भाग. ओटीजीच्या डायलवर विश्वास ठेवू नका, २०० लावले की आत १७० पण असतात आणि २३० पण. आत ठेवायचा गोल थर्मामीटर मिळतो, तो घ्या. घ्यायचा नसेल तर साखरेची चाचणी, साखर १८६ डिग्रीच्या आसपास वितळते. ओव्हन गरम झाल्यावर छोट्या वाटीत चमचाभर साखर, १७५ ला पंधरा मिनिटं, वितळायला नको. मग १९० ला परत नवी साखर पंधरा मिनिटं, वितळायला हवी. १७५ लाच पाणी झालं तर ओव्हन जास्त तापतोय, १९० ला पण दाणे कोरडेच तर कमी.

तिखट पाव मी २०० ला ३० ते ३५ मिनिटं भाजतो, दोन्ही रॉड चालू, खालून दुसऱ्या खाचेत. वरून लवकर काळा होत असेल तर वीस मिनिटांनी फॉइल टाका, छोट्या ओटीजीत वरचा रॉड पावाच्या अगदी डोक्यावर असतो. झाला की नाही ते रंगावरून ठरवू नका. काडीचा थर्मामीटर मधोमध खुपसा, ९३ ते ९६ डिग्री असेल तर झाला. नसेल तर टिनमधून काढून तळाला टिचकी मारा, पोकळ आवाज हवा. आणि जाळीवर तासभर गार केल्याशिवाय कापू नका. घरातले सगळे सुरी घेऊन उभे राहतात, माहितीये मला, पण गरम पाव कापला की आत गिचका दिसणारच आणि मग मला फोटो येणार.

पाव पांढराच राहतोय आणि ओव्हन जुना आहे, तर जोडणी बघा. १५०० वॅटचा ओटीजी २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढतो, आणि साधं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं. तो एक्स्टेंशन बोर्डवर लावायचाच नाही, १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवर थेट लावा, गीझरला असतं तसं. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर १० टक्के व्होल्टेज कमी म्हणजे ताप जवळजवळ १९ टक्के कमी, तेव्हा पाव दुपारीच भाजा.

इथे थांबायचं

पुढच्या गोष्टी दिसल्या तर स्वतः काही करायचं नाही. बॉडीला हात लागला की झिणझिण्या येतात. प्लग किंवा सॉकेट पिवळं पडलंय, वितळलंय, किंवा जळका वास येतोय. एक रॉड लालच होत नाही. डायल कमी केला तरी रॉड बंद होत नाही. किंवा लावला की मेन बोर्डावरचा स्विच पडतो. स्विच बंद करा, प्लग काढा, इलेक्ट्रिशियन किंवा सर्व्हिस सेंटर. पाठीमागचे स्क्रू काढून बघणारे आमच्या सोसायटीत पण आहेत, त्यातल्या एकाला शॉक बसलाय. गॅसचा ओव्हन असेल आणि गॅसचा वास आला तर व्हॉल्व्ह बंद, खिडक्या उघड्या, दिव्याचं बटण दाबायचं नाही, चालू-बंद दोन्ही नाही, आणि फोन घराबाहेर जाऊन गॅस कंपनीला.

मेन स्विच पडण्याचं एक खास आपल्याकडचं कारण सांगून ठेवतो, माझ्याकडे दोनदा झालंय. पावसाळाभर ओटीजी माळ्यावर, डिसेंबरात खाली काढला, लावला, दोन मिनिटांत ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की पडणारा मेन बोर्डावरचा स्विच, पडला. रॉडच्या नळीत वायरभोवती पांढरी पावडर भरलेली असते, ती दमट हवेत ओल धरते, आणि करंट बॉडीकडे गळतो. ती सुकवता येते, पण नुसती ओल आहे की रॉडच गेलाय हे मेगर, म्हणजे करंट गळतोय का ते तपासायचं यंत्र, लावूनच कळतं, आणि मेगर इलेक्ट्रिशियनकडे असतो. "परत परत स्विच वर करत राहा, सुकेल आपोआप" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, त्या स्विचमुळेच तुम्हाला शॉक बसत नाहीये.

फोन करताना त्याला एवढं सांगा: ओव्हन किती वॅटचा, लावल्या लावल्या पडतो की तापल्यावर, दोन्ही रॉडवर की एकाच, आणि शेवटचा कधी वापरला होता. मला पहिल्या खेपेला यातलं काहीच सांगता आलं नाही, तो नुसता स्क्रूड्रायव्हर घेऊन आला, मग मेगर आणायला परत गेला, आणि तोपर्यंत फुगलेलं पीठ मी तव्यावर झाकण ठेवून भाकरीसारखं भाजून टाकलं. पाव नाही झाला पण लसणाच्या पातीमुळे खपलं सगळं.